आनंदीबाईंचा हुंकार

नवविधा भक्तीची गणना ज्यांनी केली त्यांनी श्रवणाला अग्रस्थान दिले आणि कीर्तनाला त्याच्या मागे बसवले. हा क्रम सहज पडलेला नसावा. बोलणारा स्वभावतःच अधीर असतो. आपला शब्द बाहेर पडल्याखेरीज त्याला स्वस्थता लाभत नाही. ऐकणाऱ्याला मात्र स्वतःला क्षणभर बाजूला सारावे लागते, आणि ज्याने हे कधी प्रामाणिकपणे करून पाहिले आहे त्याला ते किती अवघड आहे हे ठाऊक असते. तरीही जगाची रीत अशी की सत्कार वक्त्याचे होतात, शाल आणि श्रीफळ वक्त्याच्या हाती पडते, आणि ज्याच्या कानांच्या आधारावर ती सारी वाणी उभी असते तो श्रोता सतरंजीवरून उठून आपल्या चपला शोधत घरी जातो.

मालवणच्या किनाऱ्यावर कथा ऐकण्याची एक जुनी शिस्त आहे. सांगणाऱ्याने वाक्य पुरे केले की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे. हा हुंकार म्हणजे संमती नव्हे, कौतुकही नव्हे. ती पोच असते. शब्द निघाला तो इकडे पोहोचला, आता पुढचा पाठवा, एवढेच त्यात असते. हुंकार थांबला तर सांगणाऱ्यानेही थांबावे, कारण हुंकारावाचून सांगितलेली कथा वाटेतच राहते, अशी तिथल्या जुन्या माणसांची श्रद्धा. या शिस्तीचे मूर्तिमंत रूप म्हणजे तोंडवलीच्या वाटेवरच्या एका वाडीतल्या आनंदीबाई परब. त्यांनी आयुष्यात कधी कथा सांगितली नाही. त्या केवळ ऐकत आल्या. आणि त्यांच्या ऐकण्याचा सर्वाधिक वैताग ज्यांना झाला ते गुरुप्रसाद सामंत हेच त्यांचे अखेरपर्यंतचे वक्ते होते.

गुरुप्रसाद हे निवृत्त शिक्षक. वाडीतल्या देवळात चातुर्मासात पुराण सांगण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. वडिलांच्या काळी सभामंडपात पाय ठेवायला जागा नसे. गुरुप्रसाद आसनावर बसू लागले तेव्हाही माणसे येत. मग आधी पुरुष उठले, त्यांच्यामागून सुना उठल्या, मुले तर बसलीच नव्हती. किनाऱ्यावर पर्यटक वाढले, घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, आणि संध्याकाळच्या वेळी पुराण ऐकायला कुणाला सवड राहिली नाही. देवस्थानच्या मंडळींनी अखेर ध्वनिक्षेपकावर भजने लावण्याची सोय केली आणि गुरुप्रसादांना अत्यंत आदराने सांगितले की मास्तरानू, आता तुमी आराम करा. तेव्हापासून ते आपल्या पडवीतच पुराण सांगू लागले. तिथे त्यांना ऐकायला एकच व्यक्ती येई.

आनंदीबाई वयाने त्यांच्याहून थोड्या मोठ्या. घरची भातशेती, चार काजूची कलमे, पती निवर्तून बराच काळ लोटलेला. शरीराने कृश, अंबाड्यात अबोलीचा वळेसर मात्र न चुकता. त्या रिकाम्या हाताने कधी येत नसत. पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या, पुढे वाल, कधी नुसतीच कुणाच्या देवासाठी ओवायची फुले. पडवीच्या खांबापाशी पाट होता, तो त्यांचा. त्यावर गुरुप्रसादांच्या अगदी समोर बसायचे, हात कामाला लावायचे आणि म्हणायचे, “हां मास्तरानू, सांगा. राणी नदीच्या काठार इली. मगे?”

हे ‘मगे?’ गुरुप्रसादांच्या मस्तकात जाई. ते व्युत्पन्न गृहस्थ होते. राणी वनात निघाली की त्या वनातल्या ऋषीचा वंश, त्या वंशातला मूळ शाप, त्या शापामागचे यज्ञातले वैगुण्य असा एकेक पापुद्रा उलगडत जाणे हेच त्यांना पुराणाचे सौंदर्य वाटे. ते सांगण्यात रंगत, डोळे अर्धे मिटत, संस्कृत शब्दांच्या लाटेवर लाट येई, आणि समोरून हळूच प्रश्न येई, “मास्तरानू, ती राणी जेवली काय?”

“वयनी, आपण आता यज्ञात आहोत.”

“तां खरा. पण ती सकाळपासून उपाशी आसा. तुमीच सांगितलास.”

मग गुरुप्रसाद यज्ञ तसाच टाकून राणीकडे परत येत. पुराण सांगताना त्यांची भाषा शुद्ध ग्रांथिक असे आणि राग आला की तीच भाषा मालवणीवर उतरे; आनंदीबाईंसमोर ती दिवसातून अनेकदा उतरे. आपल्या पूर्वजांनी भरलेल्या मंडपाला संबोधिले आणि आपल्या वाट्याला हे ‘मगे’ आले, ही खंत त्यांना आतून पोखरत होती. आवाज अजून शाबूत होता, स्मरण शाबूत होते. ऐकणारे मात्र नव्हते. ते मिळाल्याखेरीज आपण जाणे म्हणजे घराण्याची वाणी आपल्यापाशी संपवून जाणे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

एके वर्षी चतुर्थीला सगळे जमले असता हा विषय निघाला. सून तेजस्वी घरातल्या पाहुण्यांच्या खोल्यांचा व्यवहार पाही. चुणचुणीत, बोलायला धीट. पुतण्या ओमकार वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात हिशेबनीस होता आणि कानांत सदैव काहीतरी घालून हिंडे. बाबांच्या कथा जगापुढे आल्या पाहिजेत यावर दोघांचे एकमत होते. मतभेद फक्त कसे यावर होता, आणि त्याने सणाचे जेवण कडू केले.

“व्हिडिओच करूचो,” तेजस्वी म्हणाली. “लोक आदी बघतत, मगे आयकतत. तोंडच दिसूक नाय तर थांबतलो कोण?”

“तोंड बघूक थांबतले ते नाचाक थांबतले,” ओमकार म्हणाला. “पुराणाक कान लागतत गो. पॉडकास्ट करूया. माणूस काजी फोडता फोडता आयकता, गाडी चालवता चालवता आयकता. बघत कोण बसतलो?”

“आणि भावजीनू, ह्यो आपलो समुद्र? ह्या खळा, ही तुळस? ह्या सगळा फुकट घालवूचा?”

“समुद्र सांगतलो काय कथा?”

“तुमच्या त्या पॉडकास्टाक वर्षभर मेहनत घेतलास तरी आयकणारे आपलेच सोयरे. व्हिडिओ येका रातीत खंयच्या खंय जाता.”

“जाता आणि सकाळी कोणाक आठवणा नाय!”

गुरुप्रसाद मोदकाला हात न लावता बसले होते. अखेर ते ग्रांथिक मराठीत कडाडले, “मी बाजारात मांडलेली सुरमई नाही, कल्ला उघडून ताजेपणा पाहायला! आणि मी रेडिओवरचे हवामानही नाही!” मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, “पण यांतल्या कशाने माणसे अधिक येतात?”

याचे उत्तर दोघांपाशीही नव्हते. ठाम मत मात्र दोघांपाशी होते. दोन्ही करून पाहायचे ठरले. तेवढ्यात मागच्या दाराशी आनंदीबाई आल्या. हातात आठळ्यांचे सूप. “मास्तरानू, सण म्हणान आज राणीक तशीच ठेवतलास काय?”

पहिली पाळी ओमकारची. आतल्या खोलीच्या खिडक्यांना त्याने गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, गुरुप्रसादांच्या तोंडापुढे माईक उभा केला. भाद्रपदातला उकाडा, गुरुप्रसादांच्या कपाळावरून घाम पोथीवर टपकू लागला. बाहेर कोंबडा आरवला. थांबले. मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला. पुन्हा थांबले. मग तेजस्वीने स्वयंपाकघरात मिक्सर लावला, आणि तो मुद्दाम लावला असे ओमकारचे आजवरचे मत आहे. अखेर सारे निवांत झाले, गुरुप्रसादांनी मंगलाचरण केले, पहिले वाक्य लीलया उच्चारले, आणि खांबाऐवजी दाराला टेकलेल्या आनंदीबाई म्हणाल्या, “हूं.”

“आनंदीकाकी,” ओमकार कळवळून म्हणाला, “जरा गप रवशात?”

“मी खंय बोललंय?”

“हूं म्हटलास.”

“तां माझ्या तोंडातना आपसूक येता. मी हूं म्हटलंय नाय तर मास्तरांका कसा कळतला, मी जागी आसंय का निजलंय?”

ओमकारने हात टेकले. जाऊ दे, मागाहून कापू, असे तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने ते कापलेही. संगणकापुढे बसून त्याने आनंदीबाईंचा एकेक ‘हूं’, एकेक ‘मगे’, एकेक प्रश्न इतक्या कसोशीने वेचून काढला की काजूगराला सालाचा पापुद्राही राहू नये. कथा जगापुढे गेली. जगाने ऐकली ती अशी: एक वृद्ध गृहस्थ धीरगंभीर स्वरात यज्ञाचे वर्णन करीत आहेत आणि मध्येच, कुणीही काही विचारलेले नसताना, त्रासून म्हणत आहेत, “नाय ओ, जेवूक नाय अजून!” पुन्हा यज्ञ. पुन्हा, “सांगतंय मा! जरा धीर धरा!”

ज्या थोड्या लोकांनी ऐकले त्यांतल्या एकाने खाली लिहिले, गुरुजी कुणाशी बोलतात? दुसऱ्याने लिहिले, घरच्यांनी त्यांची काळजी घ्यावी. जामसंड्याहून गुरुप्रसादांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला आणि त्याने बराच वेळ प्रकृतीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर गुरुप्रसाद पुतण्याला म्हणाले, “मेल्या, तू माका येडो ठरयलंस.”

आता तेजस्वीची पाळी. तिने घरापुढच्या खळ्यात जराशी बाजूला तिपाई रोवली, तुळस बरोबर मागे येईल अशी. गुरुप्रसादांना तांबडे उपरणे दिले. श्रोता म्हणून आनंदीबाई समोर बसल्या तर शोभा येईल असेही तिनेच सुचवले. श्रोता वक्त्याकडे पाहून बसतो, त्यामुळे चित्रात त्यांची पाठ, अबोलीचा वळेसर, आणि सुपात चालणारे हात एवढेच आले. मुख आले नाही. त्या आठळीवरचे पांढरे टरफल नखाने उचलीत, सुरीच्या टोकाने एका ओढीत काढीत आणि आतला तपकिरी गर अखंड सुपात टाकीत. बोलणे गुरुप्रसादांचे चालले होते, आणि ते त्या दिवशी खरोखर उत्तम बोलले.

पाहणारे आले, पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळच. गुरुप्रसादांनी चष्मा पुसून तेजस्वीच्या फोनवर अभिप्राय वाचायला घेतले. ‘आजींना विचारा, आठळी न फोडता टरफल कसे काढतात.’ ‘किती शांत वाटतं हात बघून.’ ‘अबोलीची रोपं मिळतील का?’ ‘मागचे काका जरा हळू बोलले तर बरं होईल.’

“मागचे काका!” गुरुप्रसाद म्हणाले. त्यांच्या घराण्यातल्या सात पिढ्यांना मागचे काका असे आजवर कुणी संबोधिले नव्हते.

“बाबा, पण लोक इलेत मा!” तेजस्वी म्हणाली.

“ते आठळ्यांका इलेत!”

त्या दिवशी संध्याकाळी आनंदीबाई नेहमीप्रमाणे पाटावर येऊन बसल्या तेव्हा गुरुप्रसादांचा सारा वैताग, ध्वनीचा आणि चित्राचा, त्यांच्यावर येऊन कोसळला. ऐकू आला नाहीत तर मी वेडा ठरतो, दिसलात तर मी नाहीसाच होतो, असे काहीसे त्यांना म्हणायचे होते. प्रत्यक्षात ते एवढेच म्हणाले, “वयनी, आजपासून हातात काय घेव नकात. आणि हूं म्हणा नकात. नुसता आयका.”

आनंदीबाईंनी सूप बाजूला ठेवले. हात मांडीवर जुळवले. कथा सुरू झाली. त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की गुरुप्रसादांचे लक्ष वाक्यांवरून सारखे त्या ओठांकडे जाई. एक वाक्य झाले, समोर शांतता. दुसरे झाले, शांतता. ते अडखळले, श्लोकाचा एक चरण विसरले, मागे गेले, पुन्हा अडखळले. आनंदीबाई हळूच उठल्या.

“मास्तरानू, ह्या माका जमणा नाय,” त्या म्हणाल्या. स्वरात राग नव्हता. “तोंड मिटलंय की कानय मिटतत माझे. भात कापूक इला, थंय बघूक होया. तुमचा चलू दे.” सूप उचलून त्या निघाल्या. पायरीवर थांबल्या. “राणीक काय ता खावक घाला हां.”

त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी आल्या नाहीत. आता कोणताच व्यत्यय उरला नव्हता, आणि गुरुप्रसादांना एक वाक्य धड सांगता येईना. माईक पुढे असो वा कॅमेरा, ते तोंड उघडत आणि वाक्याच्या शेवटी जिथे ‘हूं’ पडायचा तिथे थांबून राहत, जिन्याची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी तसे. तेजस्वी म्हणे, “बाबा, बोला मा!” ओमकार फोनवरून विचारी, “काका, मधी इतकी जागा कित्याक सोडतास?”

अशा वेळी त्यांना वडिलांची एक रीत आठवली. अतिवृष्टीत देवळात कुणीच आले नाही तर पुराण खंडित होऊ नये म्हणून वडील समोरच्या पाटावर श्रीफळ ठेवीत, त्याला गंधाक्षता वाहत आणि त्यालाच श्रोता मानून त्या दिवसाचा अध्याय पुरा करीत. शास्त्राला संमत, परंपरेला मान्य. गुरुप्रसादांनी देव्हाऱ्यातला शेंडीचा नारळ आणला, आनंदीबाईंच्या पाटावर मांडला, गंध लावले, हात जोडले आणि त्याच्याकडे पाहून कथा आरंभिली. श्रोता मिळताच वाणी सैल झाली. ते नारळाला ‘श्रोतेहो’ म्हणाले. एका करुण प्रसंगी त्यांनी नारळापुढे हात पसरले. एकदा, जुन्या सवयीने, त्रासून त्याला दटावलेही: “सांगतंय, सांगतंय!”

तेजस्वीने हे सारे चित्रित केले. तिला ते मनापासून भव्य वाटले. ती त्याच मातीतली, नारळाला श्रोता मानण्यात हसण्याजोगे काही असेल हे तिच्या ध्यानीही आले नाही. तिने ते जसेच्या तसे जगापुढे ठेवले.

मग माणसे आली. वडिलांच्या मंडपाचीच काय, जिल्ह्यातल्या साऱ्या मंडपांची गर्दी एकत्र केली तरी कमी पडावी इतकी आली. कुणी नारळाला चेहरा काढला. कुणी नारळाच्या तोंडी ‘जागो आसंय मास्तरानू’ असे शब्द घातले. कुणी फक्त ‘सांगतंय, सांगतंय’ एवढे कापून त्याला ढोलकीची साथ दिली, आणि ते किनाऱ्यावरच्या नौकाविहाराच्या बोटींवर वाजू लागले. जामसंड्याच्या एका लग्नात गुरुप्रसाद पंगतीला बसले असता वरपक्षाच्या तरुणांनी त्यांच्या पानासमोर अदबीने एक नारळ आणून ठेवला. ते न जेवता उठले.

“काका,” ओमकार चाचरत म्हणाला, “लोक व्हये होते मा तुमका? लोक इले.”

“लोक इले,” गुरुप्रसाद म्हणाले. “आयकूक कोण इलो?”

तेजस्वी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तिला रागावण्याचेही त्राण त्यांच्यात नव्हते. उपरणे खुंटीला टांगून ते उन्हातूनच परबांच्या घराकडे चालू लागले. त्या घरी जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नव्हता. त्या येत, हेच ठरून गेले होते.

आनंदीबाई खळ्यात सुपाने भात वारवत होत्या. त्यांना पाहताच त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि गुरुप्रसादांच्या ध्यानात आले की त्या हसू दाबत आहेत. व्हिडिओ इथवर पोहोचला होता तर.

“येवा मास्तरानू, बसा. च्या घेतास?” आणि मग न राहवून, “नारळान हूं म्हटल्यान काय ओ?”

दुसऱ्या कुणी विचारले असते तर गुरुप्रसादांनी त्याचे मुख आजन्म पाहिले नसते. ते पायरीवर बसले. “नाय,” ते म्हणाले.

“मगे कथा फुडे कशी गेली?”

“गेलीच नाय.”

“म्हणजे राणी?”

“थंयच आसा. नदीच्या काठार.”

आनंदीबाईंचे हसू मावळले. सूप हातातच राहिले. “इतके दिस? उपाशी?”

मंडप भरून लोक हसून गेले, त्यांतल्या एकानेही राणीची चौकशी केली नव्हती. ती नदीकाठी उपाशी बसून आहे हे या जगात दोघांनाच माहीत होते, आणि त्यांतल्या एकाने दुसरीला तोंड मिटायला सांगितले होते.

“वयनी, उद्यापासून येवा,” ते अखेर म्हणाले. “हूं म्हणा. काय होया तां म्हणा.”

“आणि तुमचा तां पॉटकास का काय तां? ओमकार कापतलो मगे.”

“कापूचो नाय.”

त्या थोडा वेळ वारवत राहिल्या. कोंडा उडून त्यांच्या पांढऱ्या केसांवर बसला होता. “त्या नारळाचा काय केलास?”

“देव्हाऱ्यात आसा.”

“हाडून देवा हंय. सोलकडी करतंय. इतका पुराण आयकान गोड झालो आसतलो.”

घरी परतून गुरुप्रसादांनी निवाडा दिला. चित्र नको, ध्वनी. ओमकारचा चेहरा उजळला तसा त्यांनी त्याला थांबवले. “तू जिंकलास म्हणून नव्हे,” ते शुद्ध मराठीत म्हणाले, म्हणजे शांत झाले होते. “चित्रात वयनींची पाठ येते. समोर बसून ऐकणाऱ्या माणसाची जगाला पाठच दिसायची, त्याला इलाज नाही. आवाजात मात्र त्या माझ्या समोरच राहतात. आणि ध्यानात ठेव, एकही हुंकार गाळायचा नाही. कोंबडा असला तर कोंबडाही राहू दे.”

“पण काका, लोक म्हणतले...”

“लोक म्हणोत.”

लोक म्हणालेच. मागे कोण सारखे हूं हूं करते ते बंद करा, असे पुष्कळांनी लिहिले. शिवाय आनंदीबाई माईकच्या इतक्या जवळ बसत की त्यांचा हुंकार गुरुप्रसादांच्या वाक्यापेक्षा मोठा येई. ओमकारने पाट मागे सरकवला की त्या तो पुन्हा पुढे ओढीत, ऐकू येत नाही म्हणून. गुरुप्रसादांचा वैताग कमी झाला असे कुणी समजू नये. यज्ञाच्या ऐन मध्यावर ‘ती जेवली काय’ आले की ते आजही तसेच फणफणत, आणि ते फणफणणेही ध्वनिमुद्रणात जसेच्या तसे उतरे. ऐकणारे थोडे राहिले, नारळाच्या गर्दीपुढे नगण्य. पण जे राहिले ते पुढचा अध्याय कधी म्हणून विचारीत.

कार्तिकी जवळ आली तशी कथा संपत आली. पोथीत राणी अन्नावाचून तप करते आणि थेट देवलोकी जाते. गुरुप्रसाद त्या स्थळी पोहोचले, श्लोक म्हणाले, अर्थ सांगितला आणि हुंकारासाठी थांबले. हुंकार आला नाही. आनंदीबाई त्यांच्याकडे नुसत्या पाहत होत्या. हातातली वालाची शेंग अर्धी सोललेली तशीच होती.

ज्यांनी जन्मात पोथीबाहेरचा एक शब्द उच्चारला नव्हता त्या गुरुप्रसादांनी पोथी मिटली. “बरा,” ते वैतागून म्हणाले. “नदीपलीकडे एक घर होता. थंयची बाय इली. तिना राणीक पेज वाढल्यान. उकड्या तांदळाची. आणि आंब्याचा लोणचा.”

“हूं,” आनंदीबाई म्हणाल्या. “आता जाव दे तिका.”

तो अध्याय तसाच आहे. एका विद्वान श्रोत्याने पाठभेदाचा आधार विचारला होता. गुरुप्रसादांनी त्याला उत्तर दिलेले नाही.

पुढच्या चातुर्मासाला आनंदीबाई नव्हत्या. वैशाखात, काजूचा हंगाम आटोपता आटोपता, तापाचे निमित्त होऊन त्या गेल्या. गुरुप्रसादांनी पुराणाला आरंभ केला तेव्हा तेजस्वीने विचारले, समोर नारळ ठेवू का. ते नको म्हणाले. पाट मात्र खांबापाशीच राहू दिला.

आनंदीबाईंचा चेहरा कुठल्याही चित्रात नाही. एका व्हिडिओत त्यांची पाठ आहे, अबोली आहे आणि आठळ्या सोलणारे हात आहेत. बाकी त्यांच्या मागे उरले आहे ते गुरुप्रसादांच्या वाक्यांच्या शेवटी येणारे ‘हूं’ आणि ‘मगे?’, आणि ते कुणी कापलेले नाही.